डिलिव्हरी व्हॅनला आतून अस्तर: थर्माकोल, ग्लासवूल की आणखी काही?

अस्नोड्याहून

नमस्कार मंडळी,

फोर्स ट्रॅव्हलरची जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली आहे. बिनखिडक्यांची, आत नुसता पत्रा आणि हाडं, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या. आधी ती बेकरीचा माल वाहायची. फळी उचलली की अजून मैदा निघतो आणि मैद्याच्या मागून मुंग्या. तिचं कॅम्पर करायचं आहे. आम्ही तिघं, मी, बायको आणि सातवीतली मुलगी. चवथ झाली, पाऊस ओसरला की चोर्ला घाटातून वर चढायचं, बदामी-हंपी करायचं, येताना आंबोलीला थांबायचं असा बेत आहे. कायम राहायचं घर नाही करायचं, चार-सहा दिवस सुखाने झोपता आलं की पुरे.

घोडं अडलंय ते अस्तरावर. मे महिन्यात भर दुपारी दारं लावून आत बसून बघितलं. घामाच्या धारा लागल्या आणि टपाला आतून हात लावला तर चटका बसला. आता मृग लागल्यापासून वेगळीच तऱ्हा. पाऊस टपावर असा वाजतो की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. वर सकाळी टपाला आतून पाण्याचे थेंब! रात्री पाऊस नसला, तरीही.

तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. आमचा सुतार म्हणतो, थर्माकोल ठोकू, वर प्लाय आणि सनमायका, सगळं फेव्हिकॉलने पक्कं, "परत बघायला नको". गॅरेजवाला म्हणतो ग्लासवूल भर, बसमध्ये तेच असतं. आणि यूट्यूबवरचे गोरे लोक मेंढीची लोकर भरून त्यावर प्लास्टिकचा कागद ताणतात, बाहेर बर्फ पडत असतं. आपल्याकडे लोकरीला काय होईल ते मला न सांगताही कळतं.

एसी लावायचा की नाही हे घरात ठरलेलं नाही. ती म्हणते हवाच, मी म्हणतो पंखा पुरे. अस्तराच्या सामानाला चाळीस हजारांपर्यंत काढू शकतो, मजुरी माझी आणि मेव्हण्याची. काय लावू, आणि काय मुळीच लावू नको?

काणकोणचा वारा

काही लावू नकोस. खरंच सांगतो. माझी ओम्नी आहे, इंजिन सीटखाली, म्हणजे खालूनही शेगडी. तरी आत एक सुती पडदा, मच्छरदाणी आणि बारा व्होल्टचा पंखा एवढंच आहे. सावली बघून गाडी लावायची, दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवायची, शेगडी बाहेर मांडायची. चाळीस हजारांचं डिझेल भर आणि फिर.

सत्तरीचा पत्रेवाला

वर काणकोणकरांनी लिहिलंय ते तरण्या माणसाला ठीक आहे. बायको-मुलगी घेऊन रस्त्याकडेला दारं उघडी टाकून कोण झोपणार?

मी बस बॉडीच्या धंद्यातला माणूस. होंड्याला एसीजीएलची बस बॉडीची फॅक्टरी आहे, त्यामुळे सत्तरीत घरटी एकाला तरी रिव्हेटचा आवाज ओळखीचा असतो. मी आता निवृत्त आहे, पण जुन्या गाड्यांचे पत्रे बदलायला अजून बोलावतात. त्यामुळे नवं अस्तर कसं दिसतं यापेक्षा दहा-बारा वर्षांनी त्याच्या मागे काय झालेलं असतं, ते मी जास्त बघितलंय.

ग्लासवूलचं सांगतो. बाजूच्या पॅनलचे रिव्हेट उडवून पॅनल खाली घेतलं की वरचा भाग रिकामा असतो. सगळी वूल हादऱ्यांनी खाली सरकून तळाच्या हातभर जागेत बसलेली. पिवळी घातलेली, निघते काळपट, मुठीत दाबली की पाणी गळतं. आणि तिच्या मागचा पत्रा? स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं की आरपार जातं. बाहेरून मात्र रंग चकाचक, मालकाला पत्ताच नसतो. घराच्या छतात, कोरड्या जागी वूल चांगली. गोव्यात, हलणाऱ्या गाडीत, भिंतीत नको.

थर्माकोल नको, त्याची कारणं वेगळी. एक तर तो पत्र्याला घासून चिरचिरतो, प्रत्येक खड्ड्यात. दुसरं, सुतार ज्या पिवळ्या रबरी फेव्हिकॉलने तो चिकटवणार, त्यातला सॉल्व्हंट थर्माकोलला खातो. एक तुकडा घेऊन त्यावर थेंब टाकून बघ, डोळ्यांदेखत खड्डा पडेल. डब्यातला फुगणारा फोम तर हातातही घेऊ नकोस. तो हाडांच्या पोकळीत जाऊन बसतो, पाणी जायच्या वाटा बुजवतो, आणि पुढे पत्रा कापायची वेळ आली की वेल्डिंगवाला हात जोडतो, कारण ठिणगी पडली तर पेटेल.

आता काय करायचं ते. अस्तराला हात लावायच्या आधी गाडी पूर्ण रिकामी कर आणि पाणी मारून बघ. मेव्हण्याला टॉर्च देऊन आत बसव, दारं लाव, तू बाहेरून पाइप धर. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. एकदम टपावर पाणी सोडलंस तर ते सगळीकडून ओघळणार आणि नेमकं कुठून शिरलं ते कळणार नाही. मागच्या दिव्यांचे रबर, मागच्या दाराचं बीडिंग, टपावरच्या छोट्या दिव्यांची भोकं आणि पन्हळीचा जोड, बहुतेक इथेच सापडतं. सापडेल तिथे जुनं सीलंट खरवडून पीयू सीलंट भर. जुन्यावर नवं थापू नकोस.

मग गंज. तारेच्या ब्रशने पत्रा लख्ख कर, जिथे खोल आहे तिथे रस्ट कन्व्हर्टर, आणि वर इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड मारून लोक मोकळे होतात, पण तो ओल धरतो, वर रंगाचा हात हवाच. पुढे स्क्रूसाठी जितकी भोकं पाडशील, तितक्यांच्या कडांना प्रायमरचं बोट लावायचं. कंटाळवाणं काम आहे. पण गंज कडेपासूनच धरतो.

टपाच्या आवाजाला ब्यूटाईल रबराची डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट. सगळा टप मढवायची गरज नाही. दोन हाडांच्या मधल्या पत्र्याच्या पोटावर, पाव भाग झाकेल एवढी चिकटव आणि रोलर जोरात फिरव. पाव भागातच बहुतेक थरथर मरते, बाकीचं नुसतं वजन. स्वस्तातली डांबरी शीट मात्र घेऊ नकोस, आपल्या मेमध्ये ती मऊ पडते, वास मारते आणि टपावरून सुटून डोक्यावर येते.

त्यावर इन्सुलेशन म्हणून एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्राईल रबर. शीटमध्ये मिळतो, १३, १९, २५ एमएम. टपाला २५ चा लाव, निदान १९ चा. भिंतीला १३ चा बस झाला, तोही कमरेच्या वरच. कमरेखाली काही नको, नुसता नीट रंगवलेला पत्रा. पाणी कितीही अडवलं तरी थोडं आत येणारच, त्याला खाली उतरून ड्रेन होलमधून जायला मोकळी वाट पाहिजे. हाडं उघडी ठेवू नकोस, त्यांच्यावर ६ एमएमच्या पट्ट्या ओढ. लोखंडातून उष्णता या रबरापेक्षा हजार पटीने जास्त जाते, त्यामुळे मधले चौकोन भरून हाडं तशीच सोडली तर निम्मी मेहनत वाया.

अस्तराला मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून. टपाला ४ एमएम, भिंतीला ६. सुतार १२ चा सुचवेल, त्याला घरातल्या कपाटाची सवय. १२ एमएमचा आठ-बाय-चारचा एक तक्ता वीस-बावीस किलोचा भरतो, अशी पाच-सहा पानं भिंतीला लावून काय मिळणार? प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना पॉलियुरेथेन. कडांना दोनदा, पाणी तिथूनच पितो तो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लाय कुठेही चिकटवायचा नाही. हाडांत रिव्हनट (रिव्हेटसारखा भोकात पक्का बसणारा, आत आटे असलेला नट) बसव आणि प्लाय मशीन स्क्रूने कस, स्टीलचा स्क्रू, खाली रबरी वॉशर. सुतार म्हणतो ना "परत बघायला नको"? गाडीत परत बघावंच लागतं. दर पावसाळ्यानंतर एक-दोन पॅनल उतरवून मागे टॉर्च मारता आली पाहिजे. जे अस्तर उतरवता येत नाही, त्याच्या मागे पत्रा मरतो. वायरिंग आधी, नळीतून, आणि कुठली वायर कुठून गेली त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेव.

थंडपेटी

काकांचं जवळजवळ सगळं पटलं. मी कोल्ड स्टोरेजच्या कामात आहे, वेर्ण्याला, त्यामुळे ओलीबद्दल थोडं जास्त लिहिते.

तुमच्या टपाचे थेंब ही गळती नव्हे. स्वच्छ आकाशाखाली रात्री टपाचा पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, आणि पावसाळ्यात आपली हवा आधीच भरलेली असते. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा, तर दवबिंदू येतो २६ अंशांच्या आसपास. म्हणजे २६ च्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. यात अजून तुम्ही तिघं आत झोपलेलेच नाही आहात. माणसांचे श्वास आले की वाढेल.

विदेशी व्हिडिओतला प्लास्टिकचा कागद इथे उलटा पडतो, तो याचमुळे. त्यांच्याकडे आत उबदार-दमट आणि बाहेर कोरडी थंडी, म्हणून वाफ आतून बाहेर जाऊ पाहते आणि ते आतल्या अंगाला अडवतात. आपल्याकडे एसी लावलात की गणित फिरतं. दमट हवा बाहेर, थंडावा आत. ड्रेन होल, दाराच्या फटी यांतून ती हवा प्लायच्या मागे पोचते आणि एसी २४ वर असेल तर प्लायची मागची बाजू दवबिंदूच्या खाली. मागच्या मागे पाणी, समोरून काही दिसत नाही. वास यायला लागला की कळतं. आतून प्लास्टिक ताणलंत तर ते वाळणारही नाही.

म्हणून एसीचा निर्णय आधी घ्या, अस्तर नंतर. एसी हवा असेल तर टप आणि वरच्या भिंतींवर रबर पत्र्याला पूर्ण चिकटलेला हवा, मागे हवेचा फुगा नको, सांधे त्याच रबराच्या टेपने बंद. हा रबराचा फोम बंद पेशींचा असतो, वाफ त्यातून फारशी जात नाही, त्यामुळे तोच तुमचा अडसर. काका म्हणतात तसं कमरेखाली मोकळं ठेवायचं असेल तर मोकळा भाग आणि वरचा भाग यांच्या मध्ये रबराची आडवी पट्टी द्या, खालची ओली हवा वर चढणार नाही. पंखाच ठेवणार असाल तर इतकी काटेकोरपणाची गरज नाही, तेव्हा आतबाहेर तापमान जवळपास सारखंच असतं.

चंदेरी फॉइलच्या बबल शीटबद्दल कोणी तरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. फॉइल उष्णता परतवते ती समोर हवेची पोकळी असेल तरच. पत्र्याला चिकटवलीत किंवा प्लायखाली दाबलीत की ती नुसती चमकदार धातूची पट्टी. तिचा खरा उपयोग काचेला. पुढच्या काचेवर, जमल्यास बाहेरून, मापाने कापलेला पडदा लावा. आणि टप पांढरा नसेल तर पांढरा करून घ्या, यापेक्षा स्वस्त इन्सुलेशन नाही. सोलर पॅनल लावणार असाल तर टपापासून चार बोटं वर उचलून लावा. पॅनल सावलीही देतं आणि खालून वारा खेळतो.

स्वयंपाक: एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं. आत शेगडी पेटवणार असाल तर टपाला बाहेर फेकणारा पंखा आणि खाली हवा यायला जाळीची फट, दोन्ही हवं. नुसता वरचा पंखा काय फेकणार? गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, त्यासाठीही ती खालची फट लागतेच.

काणकोणचा वारा

म्हणून तर म्हटलं शेगडी बाहेर!

म्हापशाचा फायलीवाला

बाहेर कुठे मांडणार, वाऱ्याबाब? पर्यटनस्थळी, किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, २०१९ पासून. चोर्ल्याच्या पलीकडे जाऊन काय ते करा.

मूळ प्रश्नकर्त्याला: आरसीवर गाडी मालवाहू म्हणून असेल. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की आरसीवरचे तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. फोम आणि प्लाय लावण्याने तपशील बदलत नाही. पण मुलीसाठी मागे सीट बसवलीत, खिडक्या कापल्यात, टप उंच केलात की प्रकरण वेगळं. मोटर कॅरव्हॅन हा वेगळा प्रकार आहे, त्याचं एआयएस-१२४ हे मानक आहे. प्लाय कापायच्या आधी वाहतूक खात्यात जाऊन साहेबाला कागदावर विचारा, तोंडी नको. तोंडी "चलता रे" म्हणणारा साहेब पुढच्या वर्षी बदलीवर गेलेला असतो. आणि तुम्ही तिघं जाणार म्हणता, तर तिसरं माणूस चालत्या गाडीत कुठे बसणार हे अस्तराच्या आधी ठरवा.

अस्नोड्याहून

सगळ्यांचे आभार. सुतार आज आला होता, त्याला फेव्हिकॉलचा थेंब थर्माकोलवर टाकून दाखवला. बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "हा कंपनीचा माल हलका असणार."

पुढच्या केबिनला एक जादा सीट आहेच, आरसीवर चालक धरून तीन लिहिलेत, त्यामुळे तिघं पुढेच बसू. मागे फक्त झोपायचं. तरी वाहतूक खात्यात अर्ज देतोय. एसी रद्द केला नाही, पण पुढे ढकलला. रबर मात्र एसी येणार हे धरूनच लावतो, थंडपेटीताई सांगतात तसा. नंतर उपसून परत लावण्यापेक्षा बरं.

दोन शंका. एक, रबर टपाला कशाने चिकटवू? मेच्या उन्हात साधा गोंद सुटेल ना? दोन, आमच्याकडे शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या पडून आहेत, हाडांवर त्या मारून प्लाय त्यांना कसला तर चालेल का? रिव्हनटचं हत्यार विकत घ्यावं लागेल नाहीतर.

सत्तरीचा पत्रेवाला

रबराला उष्णता सोसणारा रबरी गोंद घे. हार्डवेअरवाल्याला "हीटएक्स" म्हण, फेव्हिकॉलचाच येतो, कळेल त्याला. थर्माकोल खाणारी जात तीच, पण नायट्राईलला त्याचं काही होत नाही. पत्र्याला आणि रबराला दोन्हीकडे पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. ओला असताना दाबलंस तर आत सॉल्व्हंट अडकून फुगे येतात आणि मग म्हणशील काकांनी चुकीचं सांगितलं. टपाला लावताना तुकडे लहान घे, हातभराचे. मोठं पान दोघांनी उचललं तरी मध्ये पोट सुटतं. दारं सताड उघडी ठेव आणि बिडी ओढणाऱ्याला जवळ फिरकू देऊ नकोस, वाफ पेट घेते. पाऊस धो धो कोसळत असेल त्या दिवशी हे काम नको. पत्र्यावर ओलीचा पापुद्रा असतो, दिसत नाही, पण गोंद धरत नाही. जुलैत एखादी उघडीप मिळाली तर आदल्या रात्रीपासून आत पंखा लावून पत्रा वाळव आणि मग उरक, नाहीतर सरळ श्रावणापर्यंत थांब. तोवर गंजाचं आणि वायरिंगचं काम भरपूर आहे.

शिवण चांगली, हलकी असते आणि फारशी वाकत नाही. मार पट्ट्या. लाकूड लोखंडापेक्षा उष्णता कमी वाहतं, त्यामुळे हाडांवरून येणारी गरमीही तुटेल. फक्त पट्टी आणि हाड यांच्या मध्ये ती ६ एमएमची रबराची पट्टी राहू दे, लाकूड थेट लोखंडावर नको, तिथे ओल धरते. आणि पट्टी हाडावर स्क्रूनेच. स्क्रू किती लांब घेतोयस ते बघ, हाडाच्या पलीकडे बाहेरचा पत्रा असतो. ड्रिलच्या टोकाला हवी तेवढी लांबी सोडून टेप गुंडाळ, टेप टेकली की थांबायचं.

हत्यार विकत घेऊ नकोस. माझं आहे, येऊन घेऊन जा, चवथीआधी परत दे.

थंडपेटी

आणि तो मैदा. रबर लावायच्या आधी हाडांच्या पोकळ्या कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढा, व्हॅक्यूमने ओढून घ्या, पाणी घालून धुऊ नका. ओला मैदा आत राहिला तर वर काहीही लावलंत तरी बुरशी तिथूनच येणार, आणि मुंग्यांना तर आमंत्रणच.

अस्नोड्याहून

काका, रविवारी सकाळी येतो. वाळपईच्या बाजूला की होंड्याला ते मेसेज करा. ताई, कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडचा आणतोय.